जागलीवरचं मन : आसन आणि ध्यानानं डोक्यात काय बदलतं?

मागच्या वर्षी २१ जूनला आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात योगदिन झाला. विदर्भात तोवर शाळा उघडलेल्या नसतात, म्हणून पोरांना निरोप धाडून बोलवावं लागलं. बचतगटाच्या बाया, आशाताई, ग्रामपंचायतीचे सदस्य धरून पन्नासेक माणसं जमली. मृग कोरडा चालला होता. ज्यांनी कपाशीची धूळपेरणी केली होती, त्यांचे हात वर जायचे ते ताडासनासाठी, पण डोळे ढग शोधायचे.

कार्यक्रम झाल्यावर मी सतरंज्या गुंडाळत होतो. शेजारचे काका जवळ आले आणि म्हणाले, "गुरुजी, एक सांगा. टेन्शन तं डोक्यात रायते. मंग हातपाय ताणून ते कसं जाते?"

मी म्हणालो, "करून पाहा, बरं वाटतं." काका मान हलवून गेले. मला मात्र ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. मी पोरांना विज्ञान शिकवतो आणि हा प्रश्न अस्सल विज्ञानाचा होता. वर्षभर वाचलं, डॉक्टरांना विचारलं, स्वतः रोज करून पाहिलं. काकांना तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर इथे देतो आहे.

## प्रत्येकाच्या डोक्यात एक जागल्या असतो

जागल म्हणजे काय हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही रात्रभर वावरात शिरतात. मग कोणीतरी मचाणावर बॅटरी घेऊन बसतं. पानाचा आवाज झाला की आरोळी ठोकायची, डबा वाजवायचा. डुक्कर आहे की नुसता वारा, हे बघायला वेळ नसतो. आधी आरोळी, मग खात्री.

मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, बदामाएवढ्या गाठी असतात. त्यांना अमिग्डला म्हणतात. मी त्यांना जागल्या म्हणेन, कारण काम तेच आहे. धोका दिसल्याचा नुसता भास झाला तरी तो आरोळी ठोकतो. ती आरोळी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींपर्यंत पोचते आणि तिथून दोन रसायनं रक्तात सुटतात. अॅड्रिनलिन तत्काळ येतं: छाती धडधडते, श्वास वर चढतो, तोंड कोरडं पडतं, पोटाचं काम थांबतं. कॉर्टिसॉल जरा मागून येतं आणि बराच वेळ टिकतं. धोका संपेपर्यंत शरीराला इंधन पुरवत राहणं हे त्याचं काम.

निंदताना पायाजवळ साप दिसला तर ही व्यवस्था जीव वाचवते. माणूस विचार करायच्या आधीच मागे उडी मारतो. साप गेला की पाच-दहा मिनिटांत छाती शांत होते. इथवर सगळं उत्तम आहे.

अडचण अशी, की जागल्याला साप आणि पीककर्जाची नोटीस यांतला फरक कळत नाही. दोन्हीला तो तीच आरोळी देतो. साप निघून जातो, नोटीस मात्र घरातच राहते. पाऊस लांबला, बोंडअळी दिसली, पोरीचं लग्न ठरत नाही, कापसाचा भाव उतरला: यांतला एकही धोका पळून जाऊन किंवा काठी मारून संपत नाही. त्यामुळे आरोळी थांबत नाही. कॉर्टिसॉल रात्री खाली यायला हवं, तेही नीट येत नाही. माणूस बाजेवर पडतो, शरीर थकलेलं असतं, आणि आत कोणीतरी डबा वाजवत असतो. त्यात शेतीची लाइन रात्रीची असली तर ओलितासाठी दोन वाजता उठायचं. अशा झोपेवर दुसऱ्या दिवशी जागल्या आणखी चिडखोर होतो, आणि पोरानं ग्लास सांडला तरी हात उठतो.

## शरीराची तुतारी आणि कासरा

बंडी हाकणाऱ्याच्या एका हातात तुतारी असते, म्हणजे आर लावलेली काठी, आणि दुसऱ्या हातात कासरा. एकीनं बैल पळतो, दुसऱ्यानं थांबतो. शरीरातही मज्जातंतूंची अशीच जोडी आहे. पळवणाऱ्या भागाला अनुकंपी म्हणतात आणि सावरणाऱ्या भागाला परानुकंपी. नावं अवघड आहेत, पुढे तुतारी आणि कासराच म्हणू.

हृदय किती वेगानं चालावं, पोटानं काय करावं, हे आपल्या हुकमात नाही. "ठोके कमी हो" म्हणून ठोके कमी होत नाहीत. श्वासाचं मात्र वेगळं आहे. झोपेत तो आपोआप चालतो आणि जागेपणी आपण ठरवलं तर आपल्या सांगण्यावरही चालतो. शरीरातली आपोआप चालणारी आणि आपल्या हातातली, अशा दोन्ही यंत्रणा श्वासाशी येऊन मिळतात. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

हे स्वतः तपासता येतं. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून नाडी शोधा. आता सावकाश श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा. श्वास घेताना नाडी किंचित भरभर चालते, सोडताना मंदावते. तरुण माणसात हे स्पष्ट कळतं. आठवीच्या वर्गात हा प्रयोग करतो तेव्हा पोरं आपापली मनगटं धरून गप्प बसतात, इतकं ते त्यांना नवल वाटतं.

श्वास सोडताना कासरा ओढला जातो, म्हणून असं होतं. हा कासरा म्हणजे व्हेगस नावाची मज्जातंतूंची जुडी. मेंदूच्या देठातून निघून ती गळ्यातून हृदय, फुप्फुस आणि पोटापर्यंत जाते. तिच्यातले बहुतेक धागे वरून खाली हुकूम नेत नाहीत, ते खालून वर खबर नेतात. छाती शांत आहे, पोट सैल आहे, श्वास खोल आहे, ही खबर मेंदूला सतत मिळत असते. जागल्या तीही ऐकतो. खाली सगळं निवांत असेल तर त्याला आरोळी चालू ठेवणं जड जातं.

साधारणपणे बसलेला माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो मिनिटाला सहाच्या आसपास आणला की हृदय आणि श्वास यांचा ताल उत्तम जुळतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी एक सुंदर गोष्ट नोंदवली: ख्रिस्ती लोकांची जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो. त्या अभ्यासात आपला हरिपाठ नव्हता, बुद्धवंदनाही नव्हती. पण संध्याकाळी देवळात किंवा विहारात संथ लयीत म्हणून उठलेल्या माणसाचा चेहरा मी रोज पाहतो, आणि ते वाचताना मला तोच आठवला.

## मग आसनं कशाला? नुसता श्वास पुरे नाही का?

काहींना पुरतो. पण ज्याचं डोकं फार गरगरतं त्याला नुसतं बसून श्वासाकडे बघणं जमत नाही. त्याला आसन सोपं जातं, कारण लक्ष ठेवायला काहीतरी ठोस मिळतं.

जागल्या ओरडत असतो तेव्हा खांदे कानांकडे चढतात, जबडा आवळतो, पोट आत ओढलं जातं. हे महिनोन्‌महिने चाललं की आवळलेलं शरीरच नेहमीचं वाटू लागतं आणि तीच खबर वर जात राहते. आसनात स्नायू सावकाश ताणून मग सोडून दिला की तिथला आवळलेपणा आधी जाणवतो, नंतर सुटतो. माझ्या मते आसनाचा खरा फायदा सोडून देण्याच्या त्या क्षणात आहे. पतंजलींनी आसन कसं असावं ते सांगताना स्थिर आणि सुखाचं एवढीच अट घातली आहे. पाय मानेमागे नेण्याचा तिथे उल्लेखही नाही.

आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला फार मोलाची वाटते. भुजंगासनात वीस सेकंद राहिलं की पाठ कुरकुरते, "बस, उठ" असं आतून येतं. तरी आपण श्वास चालू ठेवून तिथेच राहतो. त्रास होतो आहे आणि तरीही धोका नाही, हे जागल्या शब्दांतून शिकत नाही, तो अनुभवातूनच शिकतो. रोज वीस सेकंद असे त्याला हे दाखवलं जातं. पुढे कधी बँकेतून फोन येतो तेव्हा तीच धडधड होते, आणि "ही धडधड ओळखीची आहे, हिच्यात श्वास घेता येतो" एवढं आठवतं. भांडण करायच्या आधी पाच सेकंद मिळतात. त्या पाच सेकंदांत घरातलं खूप काही वाचतं.

## "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायामाची काय गरज?"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकला आहे आणि तो रास्त आहे. शहरात खुर्चीवर बसणाऱ्याला हलायला सांगणं आणि दिवसभर कापूस वेचलेल्या बाईला आसनं करायला सांगणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. अंगमेहनतीनं मन हलकं होतं हेही खरं.

पण वावरातल्या कामाकडे जवळून बघा. वेचणी करताना कंबर वाकलेली आणि ओटीचं ओझं पोटाशी. निंदताना उकिडवं बसणं. फवारणीत १६ लिटरचा पंप एकाच पाठीवर, एकाच हातानं दांडा मारणं. तेच स्नायू तासन्‌तास, त्याच दिशेला, छाती दबलेली आणि श्वास वरवरचा. वरून ऊन, घाई आणि डोक्यात मजुरीचा हिशोब. कामानं शरीर थकतं, सैल होत नाही. दिवसभर चाललेला बैल संध्याकाळी नुसता उभा केला तर त्याला विसावा मिळत नाही. जू खाली उतरवावं लागतं, मान चोळावी लागते.

म्हणून शेतकऱ्यानं आणि मजुरानं शहरासारखे बारा सूर्यनमस्कार घालावेत असं मी म्हणत नाही. त्यांच्यासाठी उलट बाजूची दोन-तीन आसनं पुरेत. दिवसभर पुढे वाकलेल्याला भुजंगासन, हातापायावर ओणवं होऊन पाठ वरखाली करण्याचं मार्जारासन, आणि शेवटी शवासन.

बायांच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. वावरातून आल्यावर चूल, पाणी, पोरं, म्हातारी माणसं. मला एक वहिनी म्हणाल्या, "भाऊ, मी दहा मिनिटं डोळे मिटून पडली तं घरातले तीनदा विचारतीन, बरं नाही का म्हणून." आसन शिकवण्याआधी त्या बाईला दहा मिनिटं द्यायला घरानं शिकलं पाहिजे. पुरुषांनी भाकरी टाकू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही.

## ध्यानात विचार थांबतात का?

थांबत नाहीत. इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. "बसतो, पण मन कुठं कुठं जाते, मला काही ध्यान जमत नाही," असं म्हणून माणूस सोडून देतो.

मेंदूचा स्वभावच तसा आहे. हाताला काम नसलं की मेंदू रिकामा बसत नाही. मार्कस रेकल या संशोधकानं २००१ मध्ये त्याला एक नाव दिलं. मराठीत आपण त्याला मेंदूचं आपोआप चालणारं जाळं म्हणू. कालचं भांडण उगाळणं, उद्याची भीती रंगवणं, लोक काय म्हणतील याचा हिशोब मांडणं, हे सगळं या जाळ्याचं काम. नियमित ध्यान करणाऱ्यांमध्ये ध्यानाच्या वेळी ते जरा शांत असतं, असं मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं आहे.

बैल चारायला नेला की तो धुऱ्यावरचं गवत सोडून शेजारच्या हिरव्या तुरीकडे जातोच. गुराखी त्याला मारत नाही, "हा बैलच वाईट" असंही म्हणत नाही. दाव्याला धरून परत धुऱ्यावर आणतो. तासात पन्नासदा आणतो. ध्यान एवढंच आहे. लक्ष श्वासावर ठेवायचं, ते तुरीत गेलेलं कळलं की न रागावता परत आणायचं. परत आणण्यानं सराव होतो, त्यामुळे पन्नासदा भटकलं तर पन्नासदा सराव झाला. याच्यानं हळूहळू विचार येताच तो विचार आहे हे ओळखता येतं. "सगळं संपलं" हा मनात आलेला विचार आहे, ती वावरातली खरी परिस्थिती नव्हे, एवढा फरक कळणं म्हणजे पुष्कळ मिळालं.

हे बाहेरून आलेलं फॅड आहे, असं आपल्या भागात तरी कोणी म्हणू नये. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून गावोगाव पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि सायंप्रार्थना रुजवली. अजूनही कित्येक गावांत पहाटे लाउडस्पीकर सुरू होतो तो त्यासाठी. बौद्ध विहारांत आनापान होतं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं बघणं. १९७६ पासून इगतपुरीत गोयंका गुरुजींच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांची शिबिरं चालतात, त्यांची सुरुवात याच आनापानानं होते. श्वासाला जात-धर्म नसतो. जिथे तुमचं मन लागतं तिथे बसा.

## दावे किती खरे?

योगाची प्रयोगशाळेत तपासणी आपल्या राज्यात फार आधी सुरू झाली. १९२४ साली लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभारलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजायला घेतला. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी ध्यानवर्ग सुरू केला, तिथून जगभर अभ्यासांची रीघ लागली.

२०१४ साली अशा ४७ चाचण्या, मिळून साडेतीन हजारांवर माणसं, एकत्र तपासल्या गेल्या. निघालं ते असं: ध्यानानं चिंता, उदासी आणि दुखणं यांत थोडा ते मध्यम आराम पडतो. औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ते सरस आहे असं मात्र दिसलं नाही. म्हणजे ते उपयोगी आहे, चमत्कार नाही.

"आठ आठवड्यांत मेंदू वाढतो" हा संदेश व्हॉट्सअॅपवर तुम्हालाही आला असेल. २०११ च्या एका छोट्या अभ्यासावरून तो पसरला. २०२२ मध्ये दोनशेवर लोकांवर तोच प्रश्न नीट तपासला, तेव्हा तसा बदल सापडला नाही. ज्याला योग मनापासून प्रिय आहे त्यानं हा संदेश पुढे पाठवू नये. खोट्या टेकूनं खरी गोष्ट कमकुवत होते.

काहींना ध्यानानं त्रासही होतो. २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात साधारण ८ टक्के लोकांना चिंता वाढणं, उदास वाटणं असे अनुभव आलेले दिसले. डोळे मिटल्यावर घाबरायला होत असेल तर डोळे उघडा, उठून चाला, जमिनीचा पायाला होणारा स्पर्श बघा. रक्तदाब असेल तर श्वास कोंडून धरू नका आणि जोरजोरात कपालभाती करू नका. काचबिंदू असेल तर शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नका. गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारूनच करावं.

## "ध्यान केल्यानं कर्ज फिटते का?"

नाही. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. कापसाचा भाव, पाण्याचा प्रश्न, पीकविमा, सावकार यांतलं काहीही आसनानं सुटत नाही. शेतकऱ्याच्या दुःखाला "मन शांत ठेवा" एवढंच उत्तर कोणी देत असेल तर मला त्याचा राग येतो. भाव मागायला रस्त्यावर उतरणं आणि रात्री झोप लागणं, या दोन्ही गोष्टी माणसाला हव्यात. झोप झालेला माणूस भावासाठी जास्त नीट भांडतो, सावकाराचा कागद वाचून सही करतो, पोराला मारत नाही.

आणि एका मर्यादेपलीकडे हे एकट्यानं करायचं काम उरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन नाही, झोप नाही, जेवण जात नाही, "मी नसलो तर बरं" असं बोलणं येतं, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून, घरोघरी बोलून, गरज असेल त्यांना डॉक्टरांपर्यंत नेलं. उदासीच्या आजारानं त्रस्त लोकांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, ते १८ महिन्यांत २७.२ टक्के झाले. आपल्या माणसांना मदत नको असते असं नाही, ती दारापर्यंत यावी लागते.

टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. घरातलं कोणी असं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या. तो टोकाचा क्षण बहुतेकदा ओसरतो. त्या वेळी विष हाताशी नसलं तर माणूस वाचतो. आणि आसनं सुरू केली म्हणून डॉक्टरांची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

## दहा मिनिटं, सतरंजीवर

सकाळी गायी-म्हशींचं झाल्यावर किंवा रात्री झोपायच्या आधी, जे जमेल ते. पोट भरलेलं नको. आधी मार्जारासन आठ-दहा वेळा, श्वासाबरोबर. मग भुजंगासन दोन-तीनदा, कंबर दुखली तर अर्धंच. मग पाठीवर पडून एक हात पोटावर. मनात चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. चक्कर आली तर मोजणं सोडा, श्वास आपसूक चालू द्या. पाच मिनिटं झाली की मोजणं थांबवून फक्त बघा. तीन दिवसांत काही होत नाही. अभ्यासांत फरक दिसला तो साधारण आठ आठवड्यांच्या नियमित सरावानंतर.

काकांना हे सगळं मी तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, त्यांच्या ओट्यावर बसून. त्या साली त्यांना दुबार पेरणी करावीच लागली. बियाण्याचे पैसे पुन्हा गेले, त्यात माझ्या सांगण्यानं काही फरक पडला नाही. माघात त्यांचा हरभरा घाट्यावर होता आणि ते रात्री वावरात झोपायचे. एका सकाळी चहा घेता घेता मला म्हणाले, "काल रात्री आवाज झाला, गुरुजी. छाती धडधडली. मी पयले लांब श्वास सोडला, मंग बॅटरी मारली. रोही होता. हाकलला, न् पुन्हा झोपलो."